काकांचं पिस्तूल दुकानातच आहे

मी त्या दुकानात गेले होते ती दुकानदाराला पकडायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाला शहाणी वाटायला नको.

आमचा गट लहान. सात-आठ जण, शनिवारी मोकळे असणारे. मागणी एकच: बंदुकीचा परवाना देण्याआधी त्या घरात राहणाऱ्या माणसांना विचारा. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे, कारण पुण्यात कॉलेजात मी तेवढंच धड शिकले. पहिल्या ओळीत राग, दुसरीत पुरावा, तिसरीत मागणी. डब्लिनला एमएस्सीला आले, मग नोकरी लागली, भाषा बदलली, साचा तोच राहिला. राग होता. पुरावा हवा होता. म्हणून ठरलं की गावोगावच्या बंदुकांच्या दुकानांत जायचं, साधं गिऱ्हाईक म्हणून उभं राहायचं आणि विचारायचं, पिस्तूल मिळेल का? पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर काउंटीतली दुकानं मी मागून घेतली. तिथे एनिसला काका राहतात. काम आटपलं की जेवायला त्यांच्याकडे, असा बेत.

दुकान एनिसपासून बसने अर्ध्या तासावरच्या गावात. दर्शनी भागात मासे धरायच्या काठ्या, रबरी बूट, मेणकापडाचे कोट. मागच्या भिंतीवर साखळी ओवलेल्या लांब बंदुका, बदकं आणि कोल्हे मारायच्या. पिस्तूल एकही नाही. कोपऱ्यात काचेचं एक आडवं कपाट होतं, रिकामं. आत हिरवं लोकरी कापड, उन्हाने विटून वाळल्या गवतासारखं झालेलं. आणि त्या विटलेल्या कापडावर सहा गडद आकार. नळी, मूठ, चापाभोवतीची कडी. सहाच्या सहा पिस्तुलं तिथे दिसत होती, फक्त ती नव्हती.

मी बघतच राहिले. खुनाच्या जागी खडूने माणसाची आकृती काढतात ना, तसं काहीतरी. पण इथे माणूस नाही, हत्यारच उठून गेलेलं.

"ते पूर्वी खिडकीत असायचं," दुकानदार म्हणाला. सत्तरीचा, विणलेला स्वेटर, कानात ऐकण्याचं यंत्र. "रोज संध्याकाळी सहाही उचलायची, आत तिजोरीत. रोज सकाळी आणून त्याच जागी. माझी बायको म्हणायची, तू पोरांना झोपवतोस आणि उठवतोस."

"मग गेली कुठे?"

"कायदा बदलला." त्याने खांदे उडवले. "मध्ये काही वर्षं परवाने मिळत होते, तेव्हा ठेवायचो. मग मोठ्या पिस्तुलांचे नवे परवाने बंद झाले. ज्यांच्याकडे आधीची होती त्यांनी ठेवली. आता मिळतं ते नेमबाजीचं, बारक्या गोळीचं. त्यालाही क्लब पाहिजे, घरी तिजोरी पाहिजे, ओळख देणारी दोन माणसं, तुझ्या डॉक्टरचं नाव, आणि शेवटी गार्डांची मंजुरी." गार्डा म्हणजे इथले पोलीस. "एवढं करून कोण घेणार? आणि कोणी घेणारच नसेल तर मी मांडू कशाला? उत्तरेत, सीमेपलीकडे, कायदा वेगळा. तिथे माझ्या चुलतभावाचं दुकान आहे, त्याचं कपाट बघ. बेट एकच, पण कपाटं वेगळी."

माझ्या खिशात वही होती. तिच्यात मी बसमध्येच वाक्य लिहून ठेवलं होतं: 'पिस्तूल मागा, पिस्तूल मिळेल.' उद्गारचिन्हासकट.

"म्हणजे मला आज नाही मिळणार," मी म्हणाले. निराश झाले होते, खोटं कशाला बोलू. मला ते मिळायला हवं होतं.

म्हातारा हसला. "पोरी, तू पत्रकार आहेस की त्या मोहिमेवाल्यांपैकी? नेमबाज तर नाहीस. नेमबाज आधी हात धुऊ का विचारतो, मग बघू का विचारतो. तू थेट काचेला नाक लावलंस."

मी सांगून टाकलं कोण ते. तो अजिबात चिडला नाही. उलट खूश झाला, कुणीतरी आपलं काम समजून घ्यायला आलं म्हणून. किटली लावली. मग म्हणाला, "ये, एक दाखवतो. आमच्याकडे कायदा कसा चालतो ते लिही तुझ्या कागदात."

मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्याने दोन किल्ल्यांनी उघडलं. आत वरच्या फळीवर एक पिस्तूल, लहान, काळं, मुठीला लाकूड. चापाच्या कडीला दोरीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली.

"इथे परवाना माणसाला नसतो, त्या एका हत्याराला असतो. आधी हत्यार निवडायचं, त्याचा नंबर अर्जात लिहायचा, मग थांबायचं. मंजुरी येईपर्यंत ते माझ्या कपाटात. मालक आहे, पण मालकाला हात लावता येत नाही." त्याला हे सांगताना अभिमान वाटत होता, आणि वाटायलाच हवा. "हे चार महिने झाले थांबलंय. युअर मॅन दर शनिवारी संध्याकाळी येतो." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो अमका'. "येतो, त्या स्टुलावर बसतो. मी कपाट उघडतो. तो बघतो. चहा घेतो आणि जातो. फार सज्जन. तुमच्याकडचाच आहे, हॉस्पिटलातला डॉक्टर. बोलत नाही फारसा."

मी चिठ्ठीकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती पटकन उलटी केली. पण नाव मी वाचलं होतं. वाचायची गरजही नव्हती.

काकांचं नाव होतं. आणि त्यांच्या अर्जावर ओळख देणारी जी दोन माणसं होती, त्यातली एक मी.

*

काका म्हणजे वडिलांचे नागपूरच्या मेडिकल कॉलेजातले दोस्त. मी आले तेव्हा विमानतळावर तेच घ्यायला आले होते, एनिसहून डब्लिनपर्यंत गाडी चालवत, डब्यात पोळी-भाजी घेऊन. गाडीत बसल्याबरोबर म्हणाले, "काहून वं, एवढीशीच बॅग? बापानं घरातून काढलं का?" तेव्हापासून दिवाळी, गणपती, आजारपण, सगळं त्यांच्याकडे. काकू तेव्हा होत्या. मग काकू सहा महिन्यांसाठी आईची सेवा करायला नागपूरला गेल्या. सहाचे दहा झाले, मग वर्ष झालं, मग कोणी विचारेनासं झालं. घटस्फोट वगैरे शब्द कोणी उच्चारला नाही. काकूंचे हिवाळी बूट अजून दाराशी आहेत.

गेल्या थंडीत काका एका कॉन्फरन्ससाठी डब्लिनला आले होते, तेव्हा मला भेटायला डब्लिनलगतच्या डून लेरीला आले. मी तिथेच राहते. आम्ही बंदराच्या लांब धक्क्यावर टोकापर्यंत चालत गेलो. तिथे त्यांनी समुद्राकडे बघत अगदी सहज म्हटलं, "ड्यूटीवरून घरी येताना कधीकधी वाटतं, गाडी थांबवूच नये. चालूच ठेवावी. क्लेअरमध्ये काय, रस्ता संपला की समुद्रच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अवं, डोळे काय मोठे करते? थकलो एवढंच. रोस्टर असं आहे की झोप येत नाही."

मग आम्ही आइसक्रीम घेतलं. त्या थंडीत. कारण विषय बदलायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी त्यांचा फोन. "एका फॉर्मवर रेफरी म्हणून तुझं नाव टाकू का? क्लबचं आहे." मी ऑफिसात होते, बॉल्सब्रिजला, मीटिंगला उशीर झालेला. "लिहा की काका, विचारता काय?" आपल्यात हे असंच चालतं. भाड्याचं घर, नोकरी, मुलांची शाळा; आपण एकमेकांची नावं टाकत असतो, जसं घरी शेजाऱ्याकडून विरजण आणावं. कागद कोणी वाचत नाही. नाव वाचतात.

मग एका दुपारी गार्डाचा फोन आला. बाईचा आवाज, छान, घाई नसलेला. बंदुकीच्या परवान्याच्या अर्जाबद्दल आहे म्हणाली. तेव्हा मला कळलं कशाचा क्लब. मी जिन्यात उभी होते. या माणसाला किती वर्षं ओळखता? सांगितलं. स्वभाव? फार चांगला. काही काळजी वाटण्यासारखं?

इथे मी थांबले. हे मी नंतर रचलेलं नाही, मी खरंच थांबले. धक्का आठवला. आइसक्रीम आठवलं. आणि मग मला वाटलं, पोलिसांना घरच्या गोष्टी कशा सांगायच्या? त्यांची नोकरी आहे, नाव आहे, हॉस्पिटलात एवढा मान आहे. एका थकलेल्या वाक्यावरून?

"नाही, अजिबात नाही," मी म्हणाले. "ही इज ग्रँड." ग्रँड म्हणजे इथे 'अगदी ठीक'.

बाईने आभार मानले. मी वर जाऊन मीटिंगला बसले. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं होतं, त्यातली ओळ होती: 'धोका घरातल्यांना आधी दिसतो. त्यांना विचारा.' मला विचारलं होतं की. आणि मी काय सांगितलं?

*

दुकानातून निघाले ती सरळ एनिसची बस धरली. दुपारचे दोन. काका घरी होते, पोहे करत होते, स्वयंपाकघरात वाफ. "आली का? बस. लिंबू संपलं, त्या प्रेसमध्ये सॉस आहे." कपाटाला ते प्रेस म्हणतात आता, इथल्यासारखं.

मी बसले नाही. "काका, मी आज ते दुकान बघून आले. तुमचं पिस्तूल बघितलं."

त्यांचा कालथा थांबला नाही. "छान आहे ना? मुठीला अक्रोडाचं लाकूड आहे."

"दर शनिवारी कशाला जाता बघायला?"

"लोक दर शनिवारी कुत्र्याला फिरवायला नेतात. मी काय विचारतो का?"

"काका."

"अगं, एनसीसीत मी दहापैकी नऊ मारायचो. तुझ्या बापाला विचार, त्याची गोळी शेजारच्याच्या कागदावर जायची. इथे रविवारी क्लबला जातो, लोक डॉक म्हणतात, सँडविच देतात. दोन तास डोक्यात काही नसतं. कोणी मरत नाही, कोणाचे नातेवाईक बाहेर उभे नसतात. एक कागद आणि एक ठिपका. तुला त्याचाही त्रास?"

त्याचा त्रास नव्हता. तेच तर अवघड होतं. ते सांगत होते ते सगळं खरं होतं.

"क्लबमध्ये क्लबचं पिस्तूल असतं ना? त्याने मारा की. घरी कशाला?"

"सगळ्यांची स्वतःची आहेत."

"सगळ्यांच्या घरी कोणीतरी आहे."

आता कालथा थांबला. त्यांनी गॅस बंद केला. मी पुढे गेले, कारण मला थांबता येत नाही, हा माझा दोष सगळ्यांना माहीत आहे. "फॉर्मवर डॉक्टर कोणाला दाखवलंत?"

त्यांनी लिमरिकच्या डॉक्टर काकांचं नाव घेतलं. त्यांच्याच बॅचचे, अर्जावर ओळख देणारं दुसरं नावही या लिमरिकच्या काकांच्याच बायकोचं. दर गणपतीला आरतीला पेटी वाजवतात.

"त्यांनी तुम्हाला कधी तपासलंय?"

"मला काय झालंय तपासायला?"

"झोपेच्या गोळ्या कोण लिहून देतं?"

"मीच."

इथल्या डॉक्टरांपैकी कितीतरी असेच आहेत, मला नंतर कळलं. दिवसभर लोकांना विचारतात, झोप लागते का, भूक लागते का, नको नको ते विचार येतात का. त्यांना विचारणारा कोणी नाही. चौकट भरायला वर्गमित्राचं नाव.

"तुम्ही धक्क्यावर जे म्हणालात," मी म्हणाले, "ते मी गार्डांना सांगितलं नाही. विचारलं होतं त्यांनी. मी खोटं बोलले. उद्या मी लिहून देणार आहे की माझं नाव काढा, आणि का ते. तुम्हाला सांगून करतेय. पाठीमागे नाही."

"म्हणजे मी पेशंट झालो."

"नाही. डॉक्टर आहात, म्हणून कोणी विचारलंच नाही."

"तू विचारलंस का गं? त्या दिवशी? तू आइसक्रीम खाल्लं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सहा महिने झाले, तेव्हापासून एकदा तरी फोन करून विचारलंस, काका, झोपलात का? नाही. पत्रकं वाटत होतीस. आता दुकानात चिठ्ठी वाचली तेव्हा माया आली."

मी खुर्ची ओढून बसले.

"मग आता विचारते," मी म्हणाले. "झोपता का?"

त्यांनी पोहे एका ताटलीत वाढले आणि माझ्यासमोर ठेवले. स्वतःला घेतले नाहीत. "खा. गार होतील." मग ते बाहेर गेले आणि गाडी धुवायला लागले. बाहेर पाऊस पडत होता. ते पावसात गाडी धूत होते. मी पोहे खाल्ले, सगळे. टाकून जाणं जमलं नाही.

*

अर्ध्या तासात पत्रक लिहिणारी मी, मला गार्डांना द्यायच्या चार ओळींना सबंध रविवार लागला. राग चालत नव्हता, मागणी चालत नव्हती. शेवटी एवढंच लिहिलं: मी यांना वडिलांसारखं मानते. मी तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते पूर्ण नव्हतं. ते एकटे राहतात, त्यांना झोप लागत नाही, आणि त्यांनी माझ्याजवळ एक वाक्य म्हटलं होतं. ते वाक्य खाली लिहिलं. कृपया पिस्तूल देण्याआधी त्यांच्याशी कोणीतरी नीट बोलावं, आणि त्यांची नोकरी जाईल असं काही करू नये. मग सही. सोमवारी सुट्टी काढून गार्डा स्टेशनच्या खिडकीत नेऊन दिलं. खिडकीतल्या माणसाने वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि एकदा माझ्याकडे बघून मान हलवली.

लिमरिकच्या काकांचा संध्याकाळी फोन आला. "अगं, तू केलंस काय? आपल्या माणसाचं नाव पोलिसात? त्याला मुलगी नाही, त्याने तुला मुलगी मानलं."

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी तपासलंत, काका?"

"हा काय प्रश्न झाला?"

"हाच प्रश्न आहे."

त्यांनी फोन ठेवला. गणपतीला मला निरोप आला नाही. ते अपेक्षितच होतं. पण एक ऐकलं: त्या फोननंतरच्या शनिवार-रविवारी ते गाडी काढून एनिसला गेले होते आणि दोन दिवस राहिले. पेटी घेऊन गेले होते म्हणे. तपासलं की नाही, माहीत नाही.

परवाना आला नाही, एवढं कानावर आलं. माझ्या कागदामुळे की आणखी कशामुळे, ते मला कोणी सांगणार नाही, आणि तसाच नियम आहे. पिस्तूल दुकानातच आहे असं मी धरून चालते. त्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, चिठ्ठी उलटी. काका शनिवारी अजून जातात का? स्टुलावर बसतात का? म्हातारा कपाट उघडतो का? मी परत गेले नाही. गटाला माझा अहवाल आवडला नाही. दुकानं भरलेली आहेत असं त्यांना हवं होतं, मलाही हवं होतं. मी लिहिलं की दुकानं रिकामी आहेत, कायदा दुकानापर्यंत नीट पोचलाय. तो थांबतो तो आमच्यासारख्यांच्या फोनपाशी, जिन्यात उभं राहून दिलेल्या एका शब्दापाशी. "हे पत्रकात कसं बसणार?" असं विचारलं मला. नाही बसणार. मग नका बसवू.

मला ते सहा आकार अजून दिसतात. भांडी घासताना, ऑफिसात स्क्रीन काळी झाली की. त्यांच्या शेजारी सातवा, काकांच्या आकाराचा. खुर्चीवर, दाराशी, पोह्यांच्या कढईसमोर. तिथे काका आहेत आणि नाहीत.

काका माझ्याशी बोलत नाहीत. मी दर रविवारी फोन करते, ते उचलत नाहीत. पण रोज सकाळी सव्वासातला ते सगळ्यांना एक सुप्रभातचं चित्र पाठवतात, गेली कित्येक वर्षं. गुलाब, दवबिंदू, वर लाल अक्षरांत सुविचार. मी मैत्रिणींना दाखवून हसायचे. त्या यादीतून त्यांनी माझं नाव काढलेलं नाही. विसरले असतील, किंवा तसंच ठेवलं असेल. आता मी सातपासून फोन हातात घेऊन बसते. चित्र आलं की आंघोळीला जाते.

आज सव्वासातला आलं नाही. साडेसातला नाही. मी कोट घातला, एनिसची गाडी बघायला लागले, लिमरिकच्या काकांचा नंबर काढला. सात चाळीसला आलं. सूर्यफूल होतं. सुविचार मी वाचला नाही.

पहिल्यांदाच मी खाली लिहिलं, "झोपलात का?"

दोन निळ्या खुणा उमटल्या. मी कोट न काढता बसून राहिले.